‘नळाला पाणी येतं का?’ या एका प्रश्नात जे राहून जातं

मानखुर्दच्या एका वस्तीत मी सर्वेक्षणाचा फॉर्म भरत होते. काही वर्षं हेच माझं काम होतं. दारोदार जायचं, प्रश्न विचारायचे, चौकटीत खूण करायची आणि पुढचं दार गाठायचं. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आला. मावशी म्हणाल्या, “नळ हाय की.” मी ‘नळ’ या पर्यायावर खूण केली आणि पान उलटलं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “कधी येतं ते नाही विचारत व्हय, ताई?”

पाणी पहाटे साडेतीनला यायचं. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. ज्यांच्याकडे मोटर होती त्यांची पिंपं आधी भरायची आणि शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार उरायची. मावशी आणि त्यांची दहावीतली मुलगी आळीपाळीने उठायच्या, एक रात्र आईची, एक मुलीची. निळ्या ड्रमच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळून घ्यायचं, प्यायचे दोन हंडे वेगळे भरायचे, मग भांडी, बादल्या, मिळेल ते. मुलीची परीक्षा जवळ आली की सगळ्याच रात्री आईच्या.

माझ्या फॉर्मप्रमाणे या घरात पाण्याची सोय होती. फॉर्म खोटा नव्हता. तरी या घराचं जगणं कसं आहे हे सरकारला सांगायचं तर तो फॉर्म जवळजवळ निरुपयोगी होता. लोकांचं जगणं बरं चाललंय की वाईट, हे आकड्यांत कसं पकडायचं आणि त्यावरून धोरण कसं ठरवायचं, हा विषय अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांत अवघड करून मांडलेला असतो. मुळात तो मावशींच्या प्रश्नाइतकाच सरळ आहे.

पैसा मोजला म्हणजे जगणं मोजलं का?

आपल्या कानावर रोज पडणारा आकडा म्हणजे जीडीपी, सकल देशांतर्गत उत्पादन. वर्षभरात देशात जे काही तयार झालं आणि ज्या सेवा दिल्या गेल्या, त्यांची पैशातली बेरीज. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आधुनिक मोजणीचा पाया घालणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकन सिनेटला दिलेल्या अहवालातच बजावून ठेवलं होतं, की देशाच्या उत्पन्नावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. आकडा सगळ्या जगाने उचलला, इशारा मागेच राहिला.

मावशींच्या गल्लीतच बघा. पाणी पुरलं नाही आणि चार घरांनी मिळून टँकर मागवला, तर तो व्यवहार उत्पन्नात धरला जाण्यासारखा आहे. मुलीची मोडलेली झोप कुठल्याच खात्यात येत नाही. गैरसोय वाढली आणि आकडाही वाढला, असं सहज होऊ शकतं.

मोजणीच्या जोरावर सरकारला जाब विचारण्याची परंपरा मात्र याच शहरातल्या माणसाने सुरू केली. दादाभाई नौरोजी मुंबईत जन्मले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवू लागले. हिंदी माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न साधारण २० रुपये आहे असा हिशेब त्यांनी मांडला. पण नुसत्या २० या आकड्याने काय कळणार? म्हणून त्यांनी जगायला कमीत कमी किती लागतं हे शोधलं आणि त्यासाठी आधार घेतला तुरुंगाचा. सरकार स्वतः कैद्याला जेवढं अन्नवस्त्र देतं त्याची त्या वेळच्या भावाने किंमत काढली. लहान मुलं कमी खातात म्हणून त्याचीही वजावट केली. प्रांताप्रांतानुसार ती रक्कम कमीजास्त भरत होती, पण बऱ्याच ठिकाणी सरासरी उत्पन्नाहून जास्तच. म्हणजे कित्येक ठिकाणी कैद्याला मिळतं तेवढंही मोकळ्या माणसाला मिळत नव्हतं. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी भारताच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला. दारिद्र्यरेषेच्या कल्पनेचं मूळ तिथे आहे. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोजच्या २,२५० कॅलरी मिळवायला किती खर्च येतो यावरून रेषा आखली. या सगळ्यात मला दादाभाईंची रीत आजही सर्वांत जवळची वाटते, कारण आकडा कशाशी ताडून पाहायचा हे त्यांनी आधी ठरवलं.

सरासरीचं पाणी

मुंबई महापालिका तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून थोडं जास्तच पाणी शहराला देते. २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या होती १ कोटी २४ लाख. भागाकार केला तर माणशी ३०० लिटर. गळती आणि कारखान्यांचा वाटा वजा केला तरी हा आकडा वाईट नाही. मावशींच्या घरात माणसं पाच. सरासरीने त्यांच्या घरी दीड हजार लिटर पाणी यायला हवं. येतं ते दोन ड्रम आणि काही बादल्या.

सरासरीत खोटं काही नाही. पण ती जितक्या मोठ्या भूभागाची, तितकी माणसं तिच्यात बुडतात. आपल्याकडे आरोग्य, पोषण, घरातल्या सोयी यांची सर्वांत भरवशाची माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून मिळते. त्यात प्रत्येक जिल्ह्यातून काही शे घरं निवडतात. मुंबईचे जिल्हे दोनच, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. २०११ मध्ये उपनगर जिल्ह्यातच सुमारे ९३ लाख माणसं होती. पाली हिल त्यात, जुहू त्यात आणि देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागून असलेली वस्तीही त्यातच. या सगळ्यांचा मिळून एक आकडा येतो, आणि तो कुणाचाच नसतो.

म्हणूनच महापालिकेच्या २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालाचं मोल मोठं आहे. त्या अहवालाने शहराचे २४ वॉर्ड वेगवेगळे मोजले. सर्वांत खाली आला एम पूर्व, म्हणजे मानखुर्द, गोवंडी, शिवाजीनगर, देवनार, ट्रॉम्बे हा पट्टा. २०११ मध्ये इथे ८ लाखांवर लोक राहत होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर याच वॉर्डात आहे, आणि संस्थेने २०११ मध्ये याच वॉर्डासाठी खास प्रकल्प हाती घेतला. इथल्या लोकांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. आता ते एका सरकारी तक्त्यात आलं आणि तक्त्यात आलेल्या गोष्टीकडे बोट दाखवून निधी मागता येतो.

मानव विकास निर्देशांक नेमका कसा बनतो?

हा निर्देशांक १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आणला. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक आणि त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांच्या विचारातून तो आला. सेन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाकडे काय आहे यापेक्षा त्याला काय करता येतं आणि काय होता येतं ते पाहा. सायकल असून उपयोग नाही, ती चालवायला पाय धड हवेत, रस्ता हवा आणि मुलीने सायकलवर जाण्याला घरच्यांची हरकत नसावी.

निर्देशांकात तीन गोष्टी येतात, आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न. प्रत्येकीला ० ते १ मध्ये बसवतात. आयुर्मानासाठी २० वर्षं म्हणजे शून्य, ८५ वर्षं म्हणजे एक. (आयुर्मान म्हणजे मेलेल्यांचं सरासरी वय नव्हे, ही गल्लत फार होते. आज जन्मलेल्या बाळाला आजचेच वयोवार मृत्युदर आयुष्यभर लागू राहिले तर ते किती जगेल, याचा तो हिशेब आहे. ज्या वस्तीत तरुण आणि लहान मुलं जास्त, तिथे मृतांचं सरासरी वय तसंही कमी दिसतं.) उत्पन्न धरताना लॉगरिदम वापरतात. नाव अवघड असलं तरी कल्पना घरगुती आहे. महिना १२ हजारांवर चालणाऱ्या घरात आणखी ५ हजार आले तर दूध सुरू होतं, मुलीचा क्लास लागतो. महिना १२ लाख कमावणाऱ्या घरात ते ५ हजार जाणवतही नाहीत. सूत्र हाच फरक धरतं.

मग तिन्ही एकत्र करायचे. २०१० पर्यंत साधी सरासरी घेत. समजा एका जागी आरोग्य ०.९, शिक्षण ०.९ आणि उत्पन्न ०.१ आहे. साधी सरासरी ०.६३ येते, दोन बाजू भक्कम असल्याने तिसरीची दैना झाकली जाते. २०१० पासून तिन्हींचा गुणाकार करून त्याचं घनमूळ काढतात. उत्तर ०.४३ येतं. एक पाय लंगडा असेल तर पूर्ण चाल लंगडी, हे गणितात उतरलं. त्या बदलामागे एक नैतिक निवड आहे आणि ती मला पटते.

सामाईक संडास आणि पक्कं घर

दुसरं माप आहे बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक. नीती आयोगाची आवृत्ती २०२१ पासून निघते. तिच्यात १२ निकष आहेत. पोषण, बाल व किशोरवयीन मृत्यू, गर्भवतीची देखभाल हे आरोग्याचे. शाळेची वर्षं आणि शाळेतली हजेरी हे शिक्षणाचे. स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँक खातं हे राहणीमानाचे. प्रत्येक घर एकेका निकषावर तपासतात आणि वंचितपणाची भारित बेरीज, म्हणजे प्रत्येक निकषाला ठरलेलं वजन देऊन केलेली बेरीज, एक तृतीयांश गाठते का ते बघतात. गाठली तर ते घर गरीब. आयोगाच्या हिशेबाने देशातलं हे प्रमाण २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आलं. ही घट मोठी आहे आणि तिच्यामागे गॅस, वीज, बँक खातं अशा खऱ्या गोष्टी आहेत.

पण मुंबईत हे माप लावताना निकषांचं वजन बघावं लागतं. राहणीमानाच्या सातही निकषांना प्रत्येकी फक्त १/२१ वजन आहे. म्हणजे शौचालय नाही, पाणी नाही, घर कच्चं, इंधन लाकडाचं, वीज नाही, मालमत्ता नाही, खातं नाही, असं सगळं साती बाजूंनी उणं असेल तेव्हा कुठे नुसत्या राहणीमानावर घर गरीब ठरतं. आणि शहरात वीज, गॅस, बँक खातं बहुतेकांकडे असतंच. शौचालय सामाईक असेल तर घर त्या निकषावर वंचित धरतात, मग ते लालबागच्या चाळीतलं नीटनेटकं बिऱ्हाड असो की शिवाजीनगरमधली खोली. दोघांना सारखीच १/२१ ची खूण. एका ठिकाणी चार बिऱ्हाडांत एक संडास आणि पाण्याची टाकी. दुसऱ्या ठिकाणी पैसे देऊन रांग, रात्री कुलूप, आणि बायकांनी संध्याकाळनंतर पाणीच कमी प्यायचं. मी किती घरांत हे ऐकलंय. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.

पाण्याचं तसंच. सुधारित स्रोत (नळ, बोअरवेल वगैरे) असेल आणि जाऊनयेऊन अर्ध्या तासाच्या आत असेल, तर घर वंचित नाही. मावशींचा नळ दारातच होता.

पक्क्या घराचा दाखला तर डोळे उघडणारा आहे. एम पूर्वमध्येच लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. झोपडीतून उठवून इमारतीत नेलेली माणसं तिथे राहतात. भिंती पक्क्या, छत पक्कं, आत संडास, आत नळ. निर्देशांकावर हे घर वर चढतं. पण इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर, त्यामुळे खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही आणि हवा खेळत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण तुलनेने मोकळ्या बांधलेल्या तिसऱ्या पुनर्वसन वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं, त्यातही खालच्या मजल्यांवर अधिक. इमारती अशा चिकटून उभ्या राहिल्या कारण बांधकामाच्या नियमांत सवलत दिली गेली होती. धोरणाचं यश ‘किती कुटुंबांना घर दिलं’ एवढ्याने मोजलं, आणि ऊन कुणी मोजलंच नाही. आज चाळींच्या आणि झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासात चौरस फुटांवर एवढी घासाघीस चालते, तेव्हा खालच्या मजल्यावर किती तास उजेड येतो हाही आकडा करारात असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

क्रमांक घसरला म्हणजे काय झालं?

शहरांच्या क्रमवारीबद्दल थोडक्यात. केंद्राच्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ म्हणजे राहण्यातल्या सुलभतेच्या निर्देशांकात २०१८ मध्ये पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी होती. २०२० च्या यादीत दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं आलं आणि बृहन्मुंबई दहाव्या क्रमांकावर गेली. दोन वर्षांत शहर इतकं बिघडलं का? मधल्या काळात मोजण्याची पद्धतच बदलली होती, आणि नागरिकांना काय वाटतं या सर्वेक्षणाला ३० टक्के वजन दिलं गेलं होतं. दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेली उंची एकमेकींशी ताडता येत नाही. क्रमांकाची बातमी वाचताना आधी माप तेच आहे का बघावं.

मग लोकांनाच विचारावं का?

विचारावंच. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय २०११ पासून चार प्रश्न विचारतं: आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, जे करता ते मोलाचं वाटतं का, काल किती आनंदात होता, काल किती चिंता होती. जागतिक आनंद अहवालात शिडी असते. शून्यावर सर्वांत वाईट आयुष्य, दहावर सर्वांत चांगलं, तुम्ही कुठल्या पायरीवर?

हाच शिडीचा प्रश्न मी एकदा डोंबिवलीहून येणाऱ्या लोकलमध्ये शेजारणीला विचारला होता. ती अर्धी बाकावर, अर्धी बाकाबाहेर, एक पाय मोकळ्या वाटेत रोवून बसलेली. म्हणाली, “आज ना? आज नऊ. चौथी सीट मिळाली, तीही ठाण्याच्या आधी!” तीन जणींच्या बाकावर चौथी म्हणून टेकायला मिळणं हा तिचा आनंद खराच होता. आणि कोविडच्या आधी ज्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला अडीच हजारांवर माणसं मरत होती, तिच्यातला प्रवास ‘नऊ’ म्हणून नोंदला जात होता. माणूस हालाला सरावतो आणि अपेक्षा आवरून घेतो. सेन यांनी याबद्दल पुन्हा पुन्हा सावध केलंय: ज्याने मागणंच सोडलंय त्याच्या समाधानावरून धोरण आखू नये.

माझ्या अनुभवात एक साधी युक्ती उपयोगी पडते. शिडीचा प्रश्न विचारून झाला की विचारायचं, “आणि तुमच्या मुलीने कुठल्या पायरीवर असावं?” स्वतःला आठ देणारी बाई क्षणभर गप्प होते. मग म्हणते, “तिनं हितं नाही राहायचं.”

वेळ हे माप

एवढी मापं हाताळल्यावर मला मुंबईसाठी सर्वांत बोलकं वाटतं ते वेळेचं माप. श्रीमंत असो वा गरीब, दिवस सगळ्यांना चोवीस तासांचाच. भारतात देशभराचं वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं, पुन्हा २०२४ मध्ये. २०२४ च्या आकड्यांनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८. हे माप घराच्या आत शिरतं. उत्पन्न, घर, नळ हे सगळं कुटुंबाच्या नावावर नोंदलं जातं. वेळ माणसाच्या नावावर नोंदला जातो. कोण उठतं, कोण रांगेत उभं राहतं, कोण दीड तास लोंबकळत जातं, हे त्यात दिसतं.

धोरणाच्या दृष्टीने याचा फायदा रोकडा आहे. मुंबईत पाणी चोवीस तास नसतं, भागाभागाला ठरलेल्या वेळी सोडतात. पालिकेचे चावीवाले कर्मचारी रस्त्यातल्या झडपा फिरवतात तसं ते पुढच्या भागात जातं. समजा उद्या मावशींच्या गल्लीची वेळ पहाटे साडेतीनऐवजी सकाळी साडेसहा झाली आणि दाब थोडा वाढला. जीडीपी हलणार नाही. मानव विकास निर्देशांक हलणार नाही. दारिद्र्य निर्देशांकावर ते घर आधीही पाण्याच्या बाबतीत वंचित नव्हतं, नंतरही नसेल. आणि त्या घरात दोन माणसांची झोप परत येईल, दहावीच्या मुलीच्या हातात पहाट येईल. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्यातला प्रत्येक प्रकल्प किती रुपयांचा, हे त्यात सापडतं. कुठल्या वॉर्डात कुणाचा किती वेळ वाचला, हे सापडत नाही. न्यूझीलंडने २०१९ मध्ये लोकांच्या कल्याणाला केंद्रस्थानी ठेवून अर्थसंकल्प मांडून पाहिला. वॉर्डाच्या पातळीवर मुंबईला हे जमणार नाही असं मला वाटत नाही, कारण विचारायचे प्रश्न थोडेच आहेत आणि उत्तर द्यायला लोक तयार आहेत.

२०११ च्या जनगणनेत घरयादी करताना पिण्याच्या पाण्याचा स्रोत कोणता आणि तो घरात, जवळ की लांब, एवढं विचारलं होतं. त्या दिवशी मानखुर्दला मी फॉर्मच्या शेवटी ‘शेरा’ या रकान्यात लिहिलं होतं: पहाटे ३.३०, २० मिनिटं, शेवटची गल्ली. शेऱ्याचा रकाना संगणकात भरला जात नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता मी दारोदार जात नाही, प्रश्नावल्या तयार करण्याचं काम करते. पाण्याच्या प्रश्नाखाली मी तीन उपप्रश्न घालते. किती वाजता येतं? किती वेळ येतं? भरायला कोण उठतं? नव्या मुलामुलींना कामावर पाठवताना सांगते, की तिसऱ्या प्रश्नाला घाई करू नका. बायका आधी “मीच की” म्हणतात, मग थांबतात, आणि दारात उभ्या असलेल्या मुलीकडे बघतात.